इ. स. १६४१ : आयर्लंडमधील उठाव आणि जबान्यांचा पुरावा

आयर्लंडच्या इतिहासात १६४१ या वर्षाइतके वादग्रस्त वर्ष क्वचितच आढळेल. १६०९ पासून अल्स्टर प्रांतातील जमिनी इंग्लंड व स्कॉटलंडमधून आलेल्या प्रोटेस्टंट वसाहतकारांकडे जाऊ लागल्या होत्या. उरलेले कॅथलिक गेलिक जमीनदार कर्जबाजारी झाले. १६४० च्या सुमारास राजा पहिला चार्ल्स व त्याची पार्लमेंट यांच्यातील संघर्षामुळे त्यांना संधी दिसू लागली, तसेच भयही वाटू लागले. २२ ऑक्टोबर १६४१ रोजी फेलिम ओनील याने शार्लमाँट किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी डब्लिनचा किल्ला ताब्यात घेण्याचा बेत मात्र ओवेन ओकॉनली याने दिलेल्या खबरीमुळे फसला.

नेत्यांचा हेतू मर्यादित होता, पण उठाव त्यांच्या हाती राहिला नाही. वसाहतकारांना लुटून, कपडे उतरवून थंडीत हाकलण्यात आले. नोव्हेंबरमध्ये पोर्टडाउन येथे सुमारे शंभर जणांना बॅन नदीत बुडवण्यात आले.

डिसेंबरमध्ये हेन्री जोन्स या धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली निर्वासितांच्या जबान्या नोंदवण्यास आरंभ झाला. सुमारे ८,००० जबान्या आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन केलेल्या आहेत. त्यांतील बहुसंख्य नोंदी हत्यांच्या नसून गुरे, धान्य व येणे रकमेच्या नुकसानीच्या आहेत. हत्यांविषयीचा बराच मजकूर ऐकीव आहे. आर्मा परगण्यातील एलिझाबेथ प्राइस हिने आपली पाच मुले पोर्टडाउनला बुडवली गेल्याचे सांगितले. त्याच जबानीत नदीतून कमरेइतकी वर आलेली, सूड मागणारी स्त्रीआकृती पाहिल्याचेही ती सांगते. आकृती अविश्वसनीय म्हणून मुलांचा मृत्यूही नाकारावा काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, तसे करणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल.

पहिली चूक जॉन टेंपलने केली. या जबान्यांच्या आधारे १६४६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याने ठार झालेल्या वा परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांचा आकडा तीन लाखांवर नेला. एवढे वसाहतकार अल्स्टरमध्ये नव्हतेच. प्रत्यक्ष हत्या सुमारे ४,००० असाव्यात, असा अंदाज अलीकडे वारंवार दिला जातो. थंडी, उपासमार व रोगराईने मेलेले वेगळे. कॅथलिकांच्या प्रतिहत्यांची अशी पद्धतशीर नोंद कोणी ठेवली नाही, हे येथे विसरता येत नाही.

तरीही टेंपलचाच आकडा टिकला. १६४९ मध्ये ड्रॉहेडा येथील कत्तलीचे समर्थन करताना क्रॉमवेलने १६४१ च्या रक्तपाताचाच दाखला दिला. २०१० पासून या जबान्या महाजालावर खुल्या आहेत.