सोनामुखीचा काढा आणि नाडीचे ठोके

भाईंदरची मिठागरे तुमच्यापैकी काहींनी आगगाडीतून पाहिली असतील. वाफ्यात अडवलेले खारे पाणी उन्हाने उडून जाते, मीठ मागे राहते. जुलाब झाले की शरीरातून मात्र पाणी आणि क्षार दोन्ही जातात. त्याचा हृदयाशी काय संबंध?

सोनामुखी हे फार जुने रेचक. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे तिची शेती होते. तिच्या पानांत आणि शेंगांत ‘सेनोसाइड’ नावाची द्रव्ये असतात. ती जठरात किंवा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यांचे विघटन करतात, तेव्हाच ती कामाला लागतात. म्हणून रात्री घेतलेल्या काढ्याचा परिणाम सकाळी दिसतो.

आता हृदयाकडे वळू. हृदयाच्या स्नायूची प्रत्येक पेशी म्हणजे एक चिमुकला विद्युतघटच. पेशीत पोटॅशियमचे प्रमाण लिटरला सुमारे 140 मिलिमोल, तर बाहेरच्या द्रवात सुमारे 4, म्हणजे 35 पटींचा फरक! त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 90 मिलिव्होल्टने ऋण राहते. प्रत्येक ठोक्याला हा विभव बदलतो आणि पोटॅशियम बाहेर पडले की पूर्ववत होतो.

रेचकाचा अतिरेक झाला, तर दोन गोष्टी घडतात. पाणी गेल्याने रक्ताचे आकारमान घटते, आणि रक्तदाब टिकवण्यासाठी हृदय जलद धडधडते. शिवाय रक्तातील पोटॅशियम फार उतरले, तर पेशींना पूर्वस्थितीत यायला वेळ लागतो. मध्येच अवेळी ठोके पडतात. क्वचित हृदयाचा तालच बिघडतो, आणि ते जिवावर बेतू शकते.

वैद्यकीय सल्ल्याने थोडे दिवस योग्य मात्रेत घेतल्यास निरोगी माणसाला सहसा असा धोका नसतो. धोका आहे तो वजन उतरवण्यासाठी आठवडेच्या आठवडे असा ‘चहा’ पिण्यात. अन्नातील बहुतेक पोषक द्रव्ये लहान आतड्यातच शोषली जातात. सोनामुखीचे काम त्यापुढे, मोठ्या आतड्यात. म्हणजे काट्यावर घटते ते मुख्यतः पाणी, चरबी नव्हे! घरात कोणी हृदयविकारावर डिजॉक्सिन किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर अधिकच जपावे.

आज एक प्रयोग करा. पाच मिनिटे स्वस्थ बसून मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसांत ती साधारणतः 60 ते 100 असते. रेचकानंतर धडधड, अशक्तपणा किंवा अनियमित ठोके जाणवले, तर रेचक बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा. औषध झाडपाल्याचे असले, तरी त्याला मात्रा असतेच.