पडदा कोरा राहिला तर…

सादरीकरणातील तांत्रिक अडचणी

चित्र दिसत नाही: बहुतेक वेळा दोष केबलचा. जुनी व्हीजीए जोडणी (1987) फक्त चित्र नेते. एचडीएमआय (2002) चित्र आणि आवाज दोन्ही. केबल ठीक असेल तर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडावे.

मराठी अक्षरे फुटतात: युनिकोडमध्ये देवनागरी 1991पासून आहे, तरी जुन्या फॉन्टमधल्या फाइली अजून फिरतात. तो फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर 'गणपती'च्या जागी रोमन अक्षरे आणि टिंबे उमटतात. फॉन्टसह जतन केलेली पीडीएफ प्रत हा यावर खात्रीचा उपाय.

फाइल अडखळते: पेणच्या गणेशमूर्तींचे मोबाइलवर काढलेले फोटो आहेत तसे टाकले की फाइल फुगते. फोटो आधीच लहान करावे लागतात.

वीज जाते: जून ते सप्टेंबर ही शक्यता जास्त. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, प्रोजेक्टर विझतो. दिव्याचा प्रोजेक्टर लगेच पेटत नाही. दिवा निवायला काही मिनिटे जातात. यूपीएस असेल तर हा खोळंबा टळतो. परत सुरू करताना शिफ्ट-एफ5 दाबल्यास पॉवरपॉइंट चालू स्लाइडपासून उघडते, एफ5ने पहिल्यापासून.

कारखान्यात: रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यांतील ज्वलनशील बाष्पाच्या क्षेत्रात साधा लॅपटॉप किंवा प्रोजेक्टर वापरता येत नाही. तिथे छापील तक्ते चालतात.