खेळ आणि पैसा (५) : सव्वाचा भाव, चारचा भाव

मागच्या आठवड्यात आपण आकड्याचं मूळ पाहिलं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे, त्यावर पैसे लागायचे. १९६१ मध्ये ते बंद झालं आणि १९६२ मध्ये कल्याणजी भगत, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मटका चालवायला घेतला. कापूस मागे पडला, पण ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे त्याचे शब्द धुळे-जळगावच्या गल्लीबोळांपर्यंत येऊन पोचले.

या वेळचा विषय मला जळगावात एका चहाच्या टपरीवर मिळाला. कॉलेजातला एक मुलगा मोबाइल पुढे करून म्हणाला, “काका, हा बघा. सव्वावाला जिंकणारच. पाच हजार लावले की साडेबाराशे सुटले.” स्क्रीनवर दोन परदेशी बॉक्सर होते. एकापुढे १.२५, दुसऱ्यापुढे ४.००. दोघांपैकी एकाचीही लढत त्यानं कधी पाहिलेली नव्हती. मी त्याच्याकडून वहीचं एक पान मागून घेतलं. त्या पानावर जे मांडलं, तेच इथे मांडतो.

१.२५ म्हणजे शंभर लावले आणि जिंकलात, तर मुद्दलासकट सव्वाशे. ४.०० म्हणजे शंभराचे चारशे. आता शंभराला या आकड्यांनी भागा. पहिल्याचे ८० येतात, दुसऱ्याचे २५. भाव सांगतो, की पहिला जिंकण्याची शक्यता शंभरात ८०, दुसऱ्याची २५. बेरीज १०५! लढत बरोबरीत सुटण्याची शक्यता बाजूला ठेवली, तर बेरीज शंभरच यायला हवी. वरचे पाच बुकीचे.

समजा सव्वावाल्यावर लोकांनी ८० हजार लावले आणि चारवाल्यावर २५ हजार. गल्ल्यात १ लाख ५ हजार जमले. सव्वावाला जिंकला, तर ८० हजाराचे १ लाख द्यायचे. चारवाला जिंकला, तर २५ हजाराचेही १ लाखच. कोणीही पडो, ५ हजार बुकीकडे राहतात. कोण जिंकणार हे त्याला ओळखावं लागत नाही, दोन्ही पारडी सावरून धरावी लागतात. म्हणून एका बाजूला पैसा फार आला, की तो त्या बाजूचा भाव उतरवतो. १.२५ चे १.२० होतात आणि समोरचे ४ चे साडेचार. आवक वाढली की भाव पडतो, हे रावेर-यावलच्या केळीवाल्याला आणि धुळ्याच्या कापूसवाल्याला मी काय सांगणार?

त्या मुलाला एका हिशेबानं मात्र थांबवलं. सव्वाच्या भावानं चार वेळा जिंकलात, तर शंभरावर पंचवीस-पंचवीस करत शंभर मिळवलेत. पाचव्यांदा हरलात, की ते शंभर गेले. म्हणजे पाचात चारदा बरोबर असूनही हातात काही नाही.

गल्लीतला बुकी हेच पैशात बोलतो. ‘पंचवीस-सत्तावीस’ म्हणजे फेव्हरेटवर रुपया ‘लावला’ तर पंचवीस पैसे मिळतील, आणि फेव्हरेट ‘खाल्ला’, म्हणजे तो हरेल असं धरलं, तर रुपया मिळवायला सत्तावीस पैसे पणाला. मधले दोन पैसे त्याचे. इथला भाव मोबाइलवरच्यापेक्षा बरा वाटतो. पण हा धंदा बराचसा उधारीवर चालतो, आणि पोरं तिथेच बुडतात. खिशात नसलेले पैसे लावता येतात, म्हणून थांबायची वेळच कळत नाही.

आता बॉक्सिंगचं वेगळेपण. आपल्या जत्रेतली कुस्ती डोळ्यांसमोर आणा. पाठ मातीला लागली की निकाल अख्ख्या मैदानाला दिसतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. जत्रेत पैलवानावर खूश होऊन दिलेलं इनाम त्याच्याच हातात पडतं. सट्ट्यातला रुपया बुकीच्या गल्ल्यात जातो.

बॉक्सिंगमध्ये समोरचा आडवा झाला नाही, तर निकाल तीन पंचांच्या कागदावर ठरतो. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ किंवा कमी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये (तिथे पंच पाच होते) रॉय जोन्सनं कोरियाच्या पार्क सी-हुनपेक्षा दुपटीहून जास्त ठोसे लगावले, तरी तो ३-२ नं हरला. जाणकारालाही असा निकाल आधी सांगता येत नाही.

आणि एका ठोशात सगळा हिशेब उलटतो. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत जगज्जेता माइक टायसन बस्टर डग्लसकडून दहाव्या फेरीत नॉकआउट झाला. लास व्हेगासच्या मिराज कॅसिनोत डग्लसचा भाव एकास बेचाळीस होता.

सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. क्रिकेटमध्ये अकरा जण खेळतात, रिंगणात एकाला फोडलं की काम झालं. बॉक्सर जेक लामोटा १९४७ मध्ये न्यूयॉर्कला बिली फॉक्सकडून चौथ्या फेरीत हरला. १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्यानं स्वतः कबूल केलं, की ती लढत त्यानं मुद्दाम सोडली होती. बदल्यात त्याला विजेतेपदासाठी लढायची संधी हवी होती. १९४९ मध्ये ती मिळाली आणि तो जगज्जेता झाला. फॉक्सच्या विरोधात ज्यांनी पैसे लावले होते, त्यांचा अभ्यास कितीही पक्का असता, तरी काय उपयोग होता?

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहे. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर परवान्यानं चालणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींना त्यातून वाट आहे, बॉक्सिंगला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे.

सट्ट्याच्या उधारीसाठी येणाऱ्या धमक्यांना घाबरून शेत गहाण टाकायला निघालेल्या आईवडिलांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे. त्या पैशांसाठी कोर्टात दावा चालत नाही, आणि दमदाटी करून वसुली करणं हा वेगळा गुन्हा आहे. सट्ट्याची उधारी फेडायला सोनं मोडू नका, सावकाराकडे जाऊ नका, आधी पोलीस ठाण्यात जा. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन करा. मुलगा खचलेला दिसला, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.