बूटेबल पेनड्राइव्हचे पार्टिशन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विंडोज १० साठीचे मायक्रोसॉफ्टचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी जुना संगणक मोडीत न काढता त्यावर सी-डॅकची 'बॉस' किंवा दुसरी एखादी लिनक्स प्रणाली बसवणे हा एक परवडणारा मार्ग ठरतो. त्यासाठी पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे संगणक थेट त्यावरूनच सुरू होईल असा, करावा लागतो. काम आटोपल्यावर १६ जीबीचा तोच पेनड्राइव्ह विंडोजमध्ये जेमतेम काही एमबींचा दिसू लागला, की 'तो उडाला' असे मानून फेकून दिला जातो, पण बहुतेक वेळा तो धडधाकट असतो. लिनक्सची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली, की तिच्यातील पार्टिशन-सारणीही, म्हणजे कोणता भाग कुठे सुरू होतो व केवढा आहे याची नोंदही, तिच्यासोबत उतरते. या सारणीत उरलेल्या जागेची नोंदच नसते आणि लिनक्सचे काही भाग विंडोजला ओळखता येत नाहीत, म्हणून जागा हरवल्यासारखी वाटते.

'फॉरमॅट मारला की सगळे सुरळीत होते', हा समजही तितकाच चुकीचा आहे, कारण फॉरमॅट एका पार्टिशनच्या आतली मांडणी बदलतो, सारणीला हात लावत नाही. पूर्ण जागा परत मिळवण्यासाठी विंडोजमधील डिस्कपार्ट या आज्ञा-साधनात 'लिस्ट डिस्क'ने यादी पाहून, 'सिलेक्ट डिस्क'ने पेनड्राइव्हचा क्रमांक निवडून, 'क्लीन'ने सारणी पुसावी आणि मग नवे पार्टिशन करून ते फॉरमॅट करावे. येथे क्रमांक चुकला, तर संगणकाला जोडलेल्या दुसऱ्याच एखाद्या डिस्कची सारणी पुसली जाऊ शकते, त्यामुळे यादीतला आकार आधी नीट वाचणे अत्यावश्यक आहे; १६ जीबीचा पेनड्राइव्ह तेथे सुमारे १४ जीबी दिसतो, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या.

यूईएफआय, म्हणजे बायोसची जागा घेणारी नवी आरंभप्रणाली, असलेल्या संगणकाला पेनड्राइव्हवर जीपीटी पद्धतीचीच सारणी लागते, असेही सांगितले जाते; प्रत्यक्षात जुन्या एमबीआर सारणीवरील फॅट३२ पार्टिशनमधूनही तो सहसा सुरू होतो. फॅट३२ ची खरी अडचण वेगळीच आहे: तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही.

पेनड्राइव्ह लेखनबंद, म्हणजे नवे काही लिहू न देणारा, असल्याने 'क्लीन'ही फसले आणि त्यावर लेखनबंदीची कळ नसली, तर दोष बहुधा पार्टिशनचा नसून झिजलेल्या चिपचा असतो. अशा वेळी वाचता येईल तेवढी माहिती तत्काळ दुसरीकडे उतरवून घ्यावी आणि त्या पेनड्राइव्हवर पुन्हा विसंबू नये.