बँकेला कल्पना हवी. पण कोणाच्या अडचणीची?

बँक व्यवसायासाठी नव्या कल्पना सुचवा, असे आवाहन विद्यार्थ्यांना करणाऱ्या स्पर्धा आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. केंद्र सरकारच्या पुढाकाराने २०१७ पासून भरणाऱ्या 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन'मध्ये विद्यार्थी संगणकापुढे सलग ३६ तास बसून नेमून दिलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधतात. रिझर्व्ह बँकेनेही नोव्हेंबर २०२१ मध्ये 'हार्बिंजर' ही आपली पहिली स्पर्धा जाहीर केली. ती केवळ विद्यार्थ्यांपुरती नव्हती आणि तिचे पहिले पारितोषिक ४० लाख रुपयांचे होते. देशाच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या चार भिंतींबाहेर पाहून 'तुम्हांला काही सुचते काय?' असे विचारावे, ही गोष्ट लहान नव्हे. महाविद्यालये आणि व्यवस्थापन-संस्था यांनीही हाच कित्ता गिरविला आहे.

या उत्साहाचे स्वागत करतानाच एक शंका मात्र उपस्थित करावी लागते. अशा स्पर्धांत उत्तर विद्यार्थ्याचे असते. प्रश्न मात्र आधीच ठरलेला असतो. 'हार्बिंजर'च्या पहिल्या खेपेस चार प्रश्न दिले होते. त्यांपैकी एक, स्मार्टफोन जवळ नसलेल्या माणसाचे किरकोळ रोखीचे व्यवहार डिजिटल कसे करता येतील, हा होता आणि तो निःसंशय मोलाचा होता. दुसरा प्रश्न मात्र पैसे देण्याची प्रत्यक्ष कृतीच कशी नाहीशी करता येईल, असा होता. आता, खिशातून नोट काढताना हात क्षणभर अडखळतो, हीच मध्यमवर्गीय घरातील काटकसरीची पहिली पायरी आहे, हे कोणाही गृहिणीने सांगितले असते. तिला विचारण्याची सोय स्पर्धेत नसते, एवढेच.

आपल्याकडील बँकिंगमध्ये खऱ्या अर्थाने नव्या ठरलेल्या कल्पना कोठून आल्या, हे पाहणे या दृष्टीने उद्बोधक ठरेल. उडुपी येथे १९२५ साली अवघ्या ८,००० रुपयांच्या भांडवलावर एक लहानशी पेढीवजा संस्था निघाली. हातमागाच्या मंदीने हवालदिल झालेल्या विणकरांना आधार देणे हा तिचा हेतू होता. हीच पुढे सिंडिकेट बँक झाली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. या संस्थेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. प्रतिनिधीने रोज खातेदाराच्या दारी जायचे आणि दोन आण्यांपासून जमेल तेवढी रक्कम गोळा करायची, एवढीच ती योजना. परंतु या साध्या योजनेच्या मुळाशी एक अचूक निरीक्षण होते. ज्याची मिळकत रोजची, त्याची बचतही रोजचीच असणार. महिनाअखेरपर्यंत ती टिकणार नाही. शिवाय दोन आणे भरण्यासाठी तो दिवसाचा रोजगार बुडवून बँकेत येणार नाही. आज महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत 'पिग्मीवाला' कोण, हे सांगावे लागत नाही. शब्द इंग्रजी आहे, याचाही लोकांना विसर पडला आहे.

अहमदाबादेत १९७४ साली स्वाश्रयी महिलांनी स्थापन केलेल्या सेवा बँकेची कथा याहूनही बोलकी आहे. भाजी विकणाऱ्या, चिंध्या वेचणाऱ्या, हातगाड्या ओढणाऱ्या चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेतला. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होत्या. सही न येणाऱ्या खातेदाराची ओळख कशी पटवायची? सेवा बँकेने खात्याचा क्रमांक लिहिलेली पाटी हाती देऊन प्रत्येकीचे छायाचित्र काढले. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, तीही अशाच एका नकारातून. पावसाळ्यापूर्वी ताडपत्री घेता यावी म्हणून पैसे साठवू पाहणाऱ्या एका लोहार स्त्रीला बँकांनी खाते उघडून दिले नव्हते. स्त्रियांनी स्वतःची बँक काढायचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत या कारणास्तव पहिला अर्ज फेटाळला गेला. त्या अक्षरे गिरवून पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारी गेल्या आणि आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय तो करून दाखवावा, असे आव्हान त्यांनी दिले. परवाना मिळाला.

या तिन्ही उदाहरणांत यंत्रविद्येचा चमत्कार कोठेच नाही. खिडकीपुढून परत गेलेला माणूस का परत गेला, याचा कोणी तरी शोध घेतला आणि त्या शोधातून योजना जन्मली. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी असा नव्हे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने रस्त्यावरच्या फेरीवाल्यापर्यंत जी मजल मारली, ती पिग्मीच्या प्रतिनिधीला पायी गाठता आली नसती. पण यंत्राची दिशा चुकली, तर त्याचा वेगच घातक ठरतो. कागदपत्रे नकोत, जामीनदार नको, पाच मिनिटांत कर्ज, ही कल्पना दहा वर्षांपूर्वी कोणत्याही स्पर्धेत वाहवा मिळवून गेली असती. प्रत्यक्षात काय झाले? रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲप आढळली आणि त्यांतील सुमारे ६०० बेकायदा होती. कर्जदाराच्या फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक हीच त्या सावकारीची वसुलीची काठी होती. ऋणकोच्या फोनमधील संपर्क-यादीला हात लावता कामा नये, असे सप्टेंबर २०२२ मध्ये नियम करून सांगावे लागले. ठेव असो वा कर्ज, बँकेचा प्रयोग दुसऱ्याच्या पैशावर आणि अब्रूवर होतो. तो फसला, तर भरपाई परीक्षक करीत नाहीत.

म्हणूनच स्पर्धा भरवणाऱ्यांनी क्रम उलटा करून पाहावा. विद्यार्थ्याला प्रश्न देऊ नये. शोधून आणण्यास सांगावे. सत्रभर त्याला एखाद्या शाखेत अथवा पतपेढीत बसू द्यावे. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला घेऊन आलेला म्हातारा, अंगठ्याचा ठसा यंत्रात उमटत नाही म्हणून ताटकळलेली मजूर स्त्री, शेतीकर्जाचे नूतनीकरण राहून गेलेला शेतकरी यांना त्याने पाहावे. परीक्षक-मंडळात वीस वर्षे रोखपालाची खिडकी सांभाळलेला एखादा कारकून असावा. असे झाले तर तालुक्याच्या महाविद्यालयातील, संगणकाची भाषा न शिकलेल्या मुलालाही काही सांगण्याजोगे आहे, हे ध्यानी येईल. सोनेतारण आणि भिशी यांचे अर्थशास्त्र तो घरातच शिकलेला असतो.

शाखांत आधीच माणसे अपुरी आहेत आणि खातेदाराची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे, हे आक्षेप खरेच आहेत. पण त्याहून मोठी अडचण स्पर्धेनंतरची आहे. नव्या कल्पना मर्यादित प्रमाणात पारखून घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये 'सँडबॉक्स'ची व्यवस्था केली. तेथे प्रवेशासाठी संस्थेची किमान निव्वळ मत्ता २५ लाख रुपये असावी अशी अट होती. ती पुढे १० लाखांवर आणली गेली. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थिनीने ही अट कोठून पुरी करावी? तिचे पारितोषिक भिंतीवर टांगले जाते आणि कल्पना वहीत राहते. पारितोषिकाच्या रकमेतून एखाद्या बँकेने वर्षभर दोनशे खातेदारांपुरता प्रयोग स्वतःच्या जबाबदारीवर करावा, अशी सोय झाली तर ती वहीबाहेर येईल.

डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की 'आर्थिक फसवणूक शून्यावर' या विषयावरील तिच्या स्पर्धेत 'म्यूल' खात्यांचाही एक प्रश्न आहे. लुबाडलेला पैसा फिरविण्यासाठी भाड्याने दिलेले खाते, ते हे. चार-दोन हजारांच्या मोबदल्यात अशी खाती देणाऱ्यांत विद्यार्थीही सापडतात. असे खाते हुडकून काढणारे संगणकीय साधन रिझर्व्ह बँकेच्या बंगळुरूतील नवोपक्रम केंद्राने तयार केले आहे. परंतु हुडकले जाते ते आधीच विकले गेलेले खाते. त्या मुलाने आपले एटीएम कार्ड कोणाच्या हाती दिले, कोणत्या निकडीपायी दिले आणि त्या वेळी त्याला कोणते कर्ज मिळू शकले नाही, हे वर्गातल्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला माहीत असते.