छोट्या रुळांवर (लेखांक ७) : आधी अक्षरं, मग रंग

गेल्या आठवड्यात आपल्या आयसीएफ डब्याला प्रायमर लागला. निळ्या रंगाची बाटली मात्र अजून उघडू नका. आधी डब्यावरची पिवळी अक्षरं छापू: 'मध्य रेल्वे', 'शयनयान' आणि क्रमांक. क्रम उलटा वाटेल, पण त्याला कारण आहे.

आपलं मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे १:८७. मूळ डबा २१.३ मीटरचा, आपला साडेचोवीस सेंटिमीटरचा. खऱ्या डब्यावर दहा सेंटिमीटर उंचीचं अक्षर असेल, तर इथे ते १.१५ मिलिमीटर उरतं. ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर एवढ्या उंचीत २७ ठिपके मावतात आणि शिरोरेषेच्या वाट्याला येतात दोन-तीन. तेवढ्यात 'ध्य' वाचता आला पाहिजे!

त्यामुळे डब्याचा फोटो लहान करून छापायचा विचार सोडा. इंकस्केपसारख्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं प्रत्यक्ष मापातच मांडा. फॉन्ट एकसारख्या जाडीचा हवा. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्त हा फॉन्ट चांगला आहे आणि फुकट मिळतो. अक्षरांतलं अंतर वाढवण्याचा मोह टाळा, शिरोरेषा तुटते. शेवटी मजकुराचं पाथमध्ये रूपांतर करा, नाहीतर छपाईच्या दुकानातल्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात. लग्नपत्रिका छापून घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. फाइल पीडीएफच द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलीत, तर कडा गेल्याच म्हणून समजा.

एवढं करूनही अक्षरं फिसकटलेली दिसतात, तेव्हा लोक प्रिंटरच्या डीपीआयला दोष देतात. बहुतेक वेळा दोष रंगाच्या निवडीचा असतो. घरच्या प्रिंटरात सियान, मॅजेंटा, पिवळी आणि काळी एवढ्याच शाया असतात. यातली एखादी शंभर टक्के वापरली की रंग सलग बसतो. मधल्या छटा मात्र ठिपके विरळ पेरून भासवलेल्या असतात आणि दोन-तीन ठिपक्यांच्या रेषेत अशी पेरणी झाली की रेषा उरतेच कुठे?

पिवळा तर शुद्धच आहे, मग अडचण कसली? अडचण अशी की ही शाई पारदर्शक असते. पारदर्शक डिकल कागदावर (म्हणजे पाण्यात भिजवून डब्यावर चढवायच्या कागदावर) छापलेला पिवळा निळ्या डब्यावर चढवला की दिसेनासा होतो. खाली पांढरा थर द्यावा, तर साध्या प्रिंटरात पांढरी शाईच नसते. पांढरा छापणारे आल्प्स कंपनीचे प्रिंटर मॉडेलवाल्यांचे फार लाडके होते, पण त्यांचं उत्पादन केव्हाच थांबलं. पांढरा टोनर असलेला लेझर प्रिंटर कुणाकडे असेल, तर सरळ त्याच्याकडून छापून घ्या; त्यात काही कमीपणा नाही.

नसेल तर पांढरा डिकल कागद घ्या. त्यावर निळी पट्टी छापायची आणि पट्टीत पिवळी अक्षरं. आता अक्षराची कड निळ्यावर अवलंबून असते. म्हणून सियान शंभर टक्केच ठेवा आणि मॅजेंटा, काळा कमी-जास्त करत छटा साधा. सियान सलग असल्याने कड टिकते. अशा डझनभर छटांचे चौकोन त्याच कागदावर छापा, वार्निश मारा, वाळू द्या आणि खऱ्या डब्याच्या सर्वांत जवळची छटा निवडा. मग बाटलीतला रंग त्या चौकोनाशी जुळेल असा मिसळा. रंगात थेंबाथेंबाने फरक करता येतो, प्रिंटर तेवढा ऐकत नाही. उरलासुरला फरक लपवायला पट्टीची कड डब्याच्या एखाद्या जोडरेषेवर आणा आणि कापलेली पांढरी कड निळ्या मार्करने रंगवा.

छापताना 'फिट टू पेज' बंद करून माप शंभर टक्के ठेवा. आधी साध्या कागदावर छापून डब्याला लावून बघा. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरात घालू नका, आतल्या उष्णतेने त्याचा लेप वितळू शकतो. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळते, म्हणून डिकल भिजवण्याआधी त्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन हलके हात हवेत. पहिलाच हात जाड दिला तर शाई तिथेच पसरते. प्रत्येक हात पुरता वाळू द्या, शेवटचा रात्रभर.