वत्सगुल्माची शेजारनाती

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. शेजारच्या देशांशी या नगराचे संबंध दोन प्रकारचे होते, तलवारीचे आणि विद्येचे. पहिल्या प्रकारचा मोठा पुरावा अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात आहे. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने कोरवलेल्या तिथल्या लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र अशी देशांची यादी येते. नेमके क्रियापद झिजून गेल्यामुळे राजाने हे देश जिंकले की आणखी काही केले, यावर अभ्यासक अजून भांडतात. हरिषेणानंतर हे राज्य फार टिकले नाही. टिकली ती लेणी. हरिषेणाच्या एका मांडलिकाने घडवलेल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहलाची कथा रंगवली आहे: हत्तीघोड्यांसह नावेतून उतरणारे सैन्य आणि पुढे लंकेचे बेट. त्याच शतकात लंकेत सिगिरियाच्या कड्यावर काश्यप राजा चित्रे काढून घेत होता.

दुसऱ्या प्रकारचा पुरावा राजशेखराचा. त्याच्या 'काव्यमीमांसे'त रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागे साहित्यविद्या देशोदेशी फिरते. पूर्वेकडे गेली की तिचा वेष, नृत्य, बोलणे एक तऱ्हेचे, पांचाळात दुसऱ्या तऱ्हेचे; दक्षिणेत वैदर्भी रीती प्रकट होते आणि विदर्भातल्या वत्सगुल्मात दोघांचा गांधर्व विवाह लागतो. दहाव्या शतकातल्या कवीला साऱ्या देशांच्या रीती एकत्र आणून लग्न लावायला हेच गाव सुचले. ही गोष्ट वाशीमकरांनी जितकी मिरवायला हवी होती तितकी मिरवलेली नाही.

पुढच्या शतकांवरून भराभर पुढे जाता येते. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा येथे जैन भट्टारकांच्या गादीभोवती हस्तलिखितांची भांडारे जमली. तिथल्या पोथ्यांवरून विसाव्या शतकात हिरालाल जैन यांच्यासारख्या संपादकांनी अपभ्रंश काव्ये छापून काढली. १९३९ साली वाशीमलाच वाकाटक राजा द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र संपादित केल्यावर वत्सगुल्म शाखेचा इतिहास पक्का झाला. हे सगळे मोलाचे होते, पण अभ्यासकांपुरतेच राहिले.

शेजारी देशांशी जिवंत नाते जोडले गेले ते १९५० नंतरच्या दशकात. त्याची पूर्वतयारी गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी केली होती. ते पाली शिकायला नेपाळ धुंडाळून श्रीलंकेत गेले, १९०२ मध्ये तिथेच भिक्खू झाले, नंतर ब्रह्मदेशात राहिले. १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी पुढे बुद्धधम्माच्या अडीच हजार वर्षांवरचा सरकारी ग्रंथ संपादित केला. तरीही चाळीसेक वर्षे महाराष्ट्रातली पाली मुख्यतः परीक्षेच्या टेबलावरच राहिली. ज्या दलितांच्या वस्तीत ती पुढे घरची झाली, त्यांना त्या काळी महाविद्यालयाची पायरी चढणेही अवघड होते, याची नोंद विद्येच्या इतिहासात क्वचितच दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले, १९५४ मध्ये रंगूनला आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला. या तीन फेऱ्या म्हणजे शेजाऱ्यांशी चाललेली एक स्वतंत्र बोलणीच होती आणि तिच्यामागे कोणतेही परराष्ट्र खाते नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. वाशीम आणि मंगरूळपीर तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. शिदोरी बांधून नागपूर गाठणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसांना या आंतरराष्ट्रीय तपशिलाचे अप्रूप नसेलही, पण त्याचे परिणाम त्यांच्या गावात आले. आजही बुद्धविहारात बौद्धाचार्य आधी म्हणतात आणि मागून सगळे त्रिशरण-पंचशील म्हणतात. तेच पाली शब्द कोलंबोची मुले रविवारच्या धम्मशाळेत म्हणतात. विहारावरचा निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी पट्ट्यांचा ध्वजही लंकेतलाच, १८८५ साली कोलंबोत तयार झालेला.

सरकारांची पाळी नंतर आली. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात दक्षिण आशियाई देशांच्या सार्क संघटनेची स्थापना झाली. मग ठराव, घोषणा आणि समारंभ रीतसर झाले. हाती लागलेल्या ठोस गोष्टी मोजक्याच: कोलंबोचे सांस्कृतिक केंद्र आणि २०१० मध्ये दिल्लीत सुरू झालेले दक्षिण आशियाई विद्यापीठ. शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला भरली, ती शेवटची. उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ ची इस्लामाबाद परिषद बारगळली. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये सार्कची व्हिसा सवलत पाकिस्तानी नागरिकांसाठी बंद झाली आणि अटारीचा रस्ताही. हल्ल्यांची भीषणता नाकारण्याचे कारण नाही. पण दर वेळी सीमेसोबत ग्रंथालये, संग्रहालये आणि संशोधकही अडतात, आणि त्यांच्या वतीने बोलायला कोणी नसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठी, पाली आणि प्राकृत यांना एकाच निर्णयात अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोनच दिवसांनी पंतप्रधान वाशीम जिल्ह्यातच, पोहरादेवीला, बंजारा वारशाच्या संग्रहालयाचे उद्घाटन करायला आले. वत्सगुल्माच्या प्राकृताचा आणि विहारांतल्या पालीचा एकत्र सन्मान होऊनही जिल्ह्यात त्याची चर्चा मराठीपुरतीच झाली.

आज वाशीमच्या उपासकाला लुंबिनीला जायचे तर व्हिसा लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ कराराने ती वाट मोकळी ठेवली आहे. लाहोरच्या संग्रहालयात गांधार शैलीतली उपोषणाने कृश झालेल्या सिद्धार्थाची मूर्ती आहे. तिच्यापर्यंत जाणारी वाट मात्र त्याच्यासाठी बंद आहे.